सावकाश ये

धाकट्याचा फोन आला तेव्हा थोरली एका गिऱ्हाइकाला, त्याने आणलेली मापं चुकीची आहेत, हे तोंडावर सांगत होती.

"पण मापं आमच्या सुताराने घेतलीत," गिऱ्हाईक म्हणालं.

"मग सुताराने चुकीची घेतलीत. तुमच्या खिडकीची चौकट काटकोनात नाही. ह्या मापाने काच कापली तर ती बसणार नाही, आणि मग तुम्ही माझ्या नावाने शंख कराल. मी स्वतः येऊन मापं घेते. चालत नसेल तर दुसरीकडे जा."

गिऱ्हाईक हिरमुसलं, पण गेलं नाही. आजोबांच्या वेळी कुणी चुकीची मापं आणली की आजोबा नुसते खोकायचे, आणि त्या खोकण्याचा अर्थ लावायचं काम अप्पांचं असायचं. अप्पा मालक झाल्यावर ते "बघू, बसवून घेऊ" म्हणायचे आणि गिऱ्हाइकाला कळू न देता त्याच्या घरी जाऊन परत मापं घेऊन यायचे. थोरलीच्या हाती कारभार आल्यापासून काचेच्या त्या कारखान्यात कळू न देता असं काही उरलं नव्हतं. कामगार तिला पाठीमागे फौजदार म्हणत. हेही तिला ठाऊक होतं, कारण तिने एकदा सगळ्यांना उभं करून विचारलं होतं, "पाठीमागे काय म्हणता मला?" आणि त्या बिचाऱ्यांना ते सांगावं लागलं होतं.

"ताई, कामात आहेस का?" धाकटा फोनवर म्हणाला.

"हो. बोल."

"तसं विशेष काही नाही. तो नाचाच्या क्लासमधला आरसा आहे ना, तो जरा... म्हणजे फुटला. अप्पांच्या हाताला थोडंसं लागलंय. दवाखान्यात आणलंय त्यांना. तू तुझं आवरून सावकाश ये."

"किती लागलंय?"

"बघतायत डॉक्टर. काळजी करू नको. ये तू सावकाश."

थोरलीने त्याचं बोलणं शब्दशः घेतलं. गिऱ्हाइकाचं काम मार्गी लावलं. नाचाच्या बाईंना फोन करून माफी मागितली आणि नवा आरसा कधी लागेल ते सांगितलं. कापणीच्या टेबलावरच्या माणसाला दुपारचं काम समजावून दिलं, आणि त्याला समजलं की नाही हे त्याच्याकडून वदवून घेतलं. निघताना वरच्या मजल्यावर घरात गेली. आई दिसली नाही, शेजारी गेली असेल असं वाटून तिने अप्पांचा एक धुतलेला शर्ट पिशवीत घातला. अंगावरच्या शर्टाला एखादा डाग पडला असेल, एवढाच विचार तिच्या मनात आला.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकांवर, तिला आधी धाकट्याचा शर्ट दिसला. तो मूळचा कुठल्या रंगाचा होता ते खांद्यांवरून कळत होतं. खाली छातीपासून पोटापर्यंत सगळा वाळत चाललेला, कडक झालेला काळपट लाल. तो भिंतीला टेकून उभा होता आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून होता, ओला रंग लागला असावा तसे. आई बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. भावजय तिच्या शेजारी होती. चष्म्याच्या दुकानातला निळा कोट तिच्या अंगावर तसाच होता, म्हणजे ती काम टाकून धावत आली होती.

"आलीस," आई म्हणाली.

थोरलीच्या हातातली पिशवी खाली आली. "हे काय आहे? किती रक्त गेलंय? तू म्हणालास थोडंसं लागलंय."

"ताई, आत घेतलंय त्यांना," धाकटा म्हणाला. "बोटांच्या शिरा तुटल्यात. दोन बोटं. डावा हात. येतानाच शुद्ध हरपत होती."

"आणि तू मला सांगतोस सावकाश ये?"

"मग काय सांगू? गाडी चालवत येणार होतीस तू."

"मी आवरून आले! मी शर्ट घेत बसले होते त्यांचा!"

आवाज एवढा चढला की लांबच्या टेबलामागच्या नर्सने मान वर केली. धाकटा खाली बघत म्हणाला, "ताई, सावकाश ये म्हणजे लगेच ये. असं कुणी म्हटलं की माणूस हातातलं टाकून निघतो. सगळ्यांना कळतं ते. आईला मी तेच सांगितलं, ती घरातल्या चपलांवर निघाली."

थोरलीने आईच्या पायांकडे पाहिलं. खरोखरच घरातल्या, पातळ, मागून झिजलेल्या चपला होत्या. भावजयीलाही त्याने तेच सांगितलं असणार. तिलाही कळलं. एकाच वाक्याने दोन बायका हातातलं टाकून धावल्या होत्या आणि तिसरी नाचाच्या बाईंशी नव्या आरशाबद्दल बोलत बसली होती. ती चुकली होती की धाकटा, हे तिला ठरवता येईना, आणि असं न ठरवता येणं तिच्या अंगवळणी नव्हतं.

"झालं कसं?" तिने विचारलं. "नीट सांग. सुरुवातीपासून."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने पाहिलं नाही.

"दरवाजातून आत नेत होतो," तो म्हणाला. "अप्पा पुढे, मी मागे. कोपरा चौकटीवर आपटला. आरसा उभा तडकला आणि वरचा तुकडा त्यांच्या हातावर आला."

"अप्पांनी कोपरा आपटला? अप्पांनी?"

या माणसाने उभ्या आयुष्यात काच कधी दाराच्या चौकटीला घासू दिली नव्हती. आरशाच्या भल्यामोठ्या काचा अरुंद जिन्यावरून वळवून नेताना आजूबाजूची माणसं श्वास रोखायची, आणि अप्पा मात्र पुढच्या टोकाला घरातल्या घरात खुर्ची हलवावी तसे चालायचे. थोरलीने ते लहानपणापासून पाहिलं होतं. तिच्या मनात अप्पा म्हणजे तेच होते, पाठमोरे, काचेच्या पुढच्या टोकाला. म्हणूनच तिने कामगारांना बजावून ठेवलं होतं की मोठं काम असलं की अप्पांना पुढेच ठेवायचं, नाहीतर आपण म्हातारे झालो असं वाटून ते खचतील. अप्पांना मात्र ती हे कधी बोलली नव्हती. तिने न बोललेली ही एकच गोष्ट असेल.

"त्यांना दिसला नाही कोपरा," भावजय म्हणाली.

"का नाही दिसला? उजेड नव्हता?"

भावजयीने कोटाची बाही सारखी केली. "ताई, अप्पांना डाव्या डोळ्याने दिसत नाही. जवळजवळ काहीच नाही. मागच्या हिवाळ्यात ते दुकानात आले होते, नंबर बदललाय म्हणून. मी तपासलं, मग आमच्या डॉक्टरांनी तपासलं. आतली नस सुकत चाललीय. गेलेलं परत येत नाही."

कॉरिडॉरमधून एक रिकामी चाकांची खुर्ची ढकलत कुणीतरी गेलं. तिचं एक चाक कुरकुरत होतं. थोरली भावजयीकडे वळली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"मी ह्याला सांगितलं. त्याच दिवशी, स्पष्ट. अप्पांनी आता काच धरायची नाही, असं म्हटलं. अप्पाच म्हणाले होते की तुम्हाला इतक्यात सांगू नको. आणि कारखान्याच्या गोष्टीत मी मध्ये पडायचं नाही, हे तुम्ही मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंत."

ते खरं होतं. थोरलीला ते वाक्य आठवलं. त्यात तिला तेव्हा काही वावगं वाटलं नव्हतं. उलट, सुरुवातीलाच सगळं स्वच्छ झालेलं बरं, असं वाटलं होतं.

ती धाकट्याकडे वळली. "आणि तू?"

"मी तुला सांगितलं होतं, ताई."

"कधी?"

"तू मापं लिहीत होतीस. मी म्हटलं, अप्पांना मोठ्या कामांवर न्यायचं का आता."

थोरलीला तेही आठवलं. तो दारात उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. तिने विचारलं होतं, का, काही झालंय का? तो म्हणाला होता, नाही, असंच आपलं. असंच म्हणजे काय? कारण असेल तर सांग. कारण असं नाही गं. मग कारण नसताना माझं डोकं का खातोस? आणि तो गेला होता.

"ह्याला सांगणं म्हणतात?" ती म्हणाली. "बाप अर्धा आंधळा झालाय, हे तू असं सांगतोस?"

"नंतर पण एकदा म्हटलं होतं, अप्पांचं हल्ली वय दिसतं."

"वय दिसतं! अरे, मी त्यावर हो म्हणाले असेन! सगळ्यांचंच दिसतं!"

"तू विचारायला हवं होतंस पुढे."

"मी विचारलं! मी विचारते! तेच तर तुम्हाला चालत नाही!"

"तू विचारत नाहीस, ताई," धाकटा म्हणाला, आणि त्याचा नेहमीचा मऊ आवाज जरा फाटला. "तू जबानी घेतेस. माणूस दारात एक शब्द घेऊन येतो, घाबरतघाबरत, आणि तू त्याला विचारतेस पुरावा काय. मग तो शब्दच परत घेऊन जातो तो."

थोरलीच्या नवऱ्याने घर सोडताना साधारण हेच म्हटलं होतं, तुझ्याशी बोलताना मला वकील करावासा वाटतो. तिने तेव्हा ते त्याच्या पळपुटेपणात जमा केलं होतं. आता तीच गोष्ट दुसऱ्या तोंडून आली होती, आणि हे तोंड तर तिने लहानपणी धुतलं होतं, त्याला भरवलं होतं.

ती बाकावर बसणार तोच धाकटा पुन्हा बोलू लागला, कुणी विचारलं नसताना. तो भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याकडे बघत बोलत होता.

"मला दिसत होतं. मी मागे होतो ना. दार जवळ आलं तेव्हा कोपरा डाव्या बाजूला चाललेला दिसत होता. अप्पा सरळ चालले होते. भरपूर वेळ होता. मी म्हटलं, अप्पा, जरा बघून हं. ते म्हणाले, बघतोय. दोन पावलं गेले. मी परत म्हटलं, अप्पा, थोडं... आणि तेवढ्यात आवाज आला."

"थांबा का नाही म्हणालास?"

"अप्पांना?"

अप्पांच्या थोबाडीत का नाही मारलीस, असं तिने विचारलं असावं, तसं त्याने विचारलं. आणि मग त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं. त्याचे ओठ हलले. तो भिंतीला घासत खाली बसला, जमिनीवरच, आणि ते वाळके लाल हात गुडघ्यांवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. भावजय उठून त्याच्यापाशी गेली नाही. ती बसल्या जागी डोळे मिटून बसली होती.

एकच शब्द होता, थांब. आरसा उचलताना, ठेवताना, गाडीत चढवताना अप्पांनी तो शब्द ह्या मुलाला हजारदा म्हटला असेल. उलट्या बाजूने तो कधी गेलाच नव्हता. थोरली मागे असती तर तिने तो एवढ्या जोरात म्हटला असता की रस्त्यावरची गाडीसुद्धा थांबली असती. पण थोरली मागे असती तर पुढे चालणाऱ्या माणसाचा डोळा गेलाय हे तिला माहीतच नसतं, आणि ती दुसरीकडेच बघत असती. ज्याला ठाऊक होतं त्याला बोलता आलं नव्हतं, आणि जिला बोलता येत होतं तिला कुणी कळूच दिलं नव्हतं. त्या दोन्हींचं फळ आत टेबलावर पडलं होतं.

दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. ठेंगण्या, चटपटीत, टोपीतून पांढरे केस निसटलेले. "नातेवाईक कोण? सगळे? बरं. ऐका. एक बोट शिवता येईल, ते होईल बऱ्यापैकी. दुसऱ्या बोटाचं अवघड आहे. वाचवायचा प्रयत्न करायचा तर लांबलचक शस्त्रक्रिया, कदाचित पुन्हा एकदा, आणि त्यांना साखर आहे, म्हणजे चिघळायचा धोका. आणि एवढं करून बोट ताठच राहील. नाहीतर ते मुळापासून काढायचं. जखम लवकर भरेल. मला आत्ता उत्तर पाहिजे."

थोरलीला बाई पाहताक्षणी आवडल्या. असं बोलावं माणसाने. मग तिची नजर आईकडे गेली. 'मुळापासून काढायचं' या शब्दांवर आईचा चेहरा बंद झाला होता, कुणी बाहेरून दार लोटून घ्यावं तसा. पुढचं तिने ऐकलं नव्हतं. आपण बोलतो तेव्हा समोरून हे असं दिसतं, हा विचार थोरलीच्या मनात आला आणि तिला तो मुळीच आवडला नाही.

"त्यांना विचारलंत?" तिने विचारलं. "ते शुद्धीवर आहेत?"

"आहेत. फक्त हात बधिर केलाय. विचारलं. म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, मुलांना विचारा. मी म्हटलं बोट तुमचं आहे. म्हणाले, हो, पण मुलांना विचारा." बाईंनी खांदे उडवले. "म्हणून विचारतेय."

"वाचवा," धाकटा जमिनीवरून म्हणाला. "मुलांना विचारा म्हणजे वाचवा. नको असतं तर म्हणाले असते, कशाला तो खटाटोप. मी ओळखतो ना त्यांना."

"मुलांना विचारा म्हणजे मुलांना विचारा," थोरली म्हणाली. "त्यांनी निर्णय आपल्यावर सोपवलाय. धोका कुठे कमी, ते बघून ठरवू."

"दोघांनाही कळलेलं नाही," आई म्हणाली. ती इतका वेळ गप्प होती की सगळे दचकले. "ते घाबरलेत. घाबरले की ते दुसऱ्याला विचारा म्हणतात. मला लग्नाचं विचारलं तेव्हा मला विचारलंच नाही. माझ्या भावाला हे कसं वाटेल, असं विचारलं. मी म्हटलं, भावाशी लग्न करायचंय की माझ्याशी?" भावजयीला हसू आलं आणि त्याच हसण्यातून तिला रडू फुटलं. आई पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळत म्हणाली, "त्यांना काय हवंय ते मलाही माहीत नाही आज. इतकी वर्षं नुसत्या श्वासावरून ओळखत आले. आज नाही ओळखता येत."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं. "कुणीतरी एकाने आत या. गाऊन घाला. दोन मिनिटं देते."

सगळे थोरलीकडे बघू लागले. कुणाकडून स्पष्ट उत्तर काढून घ्यायचं असलं की घरात तिलाच पुढे करत.

आत गार होतं. अप्पा पाठीवर झोपले होते, डावा हात बाजूच्या फळीवर, हिरव्या कापडाखाली. पांढऱ्या उशीवर त्यांचं डोकं लहान दिसत होतं. थोरली त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"अप्पा."

अप्पांनी वर छताकडे पाहिलं, मग उजवीकडे. "कोण? कुठे आहेस?"

ती त्यांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होती. त्यांनी पूर्ण मान वळवली, उशीवर गाल टेकेपर्यंत, आणि मग त्यांना ती दिसली. रोज सकाळी कारखान्यात ती त्यांच्या डाव्या बाजूच्याच टेबलाशी बसायची. रोज अशीच मान वळवत असतील ते, आणि तिला ते रुसल्यासारखं, उशिरा वळून बघितल्यासारखं वाटायचं. ती पलंगाला वळसा घालून उजवीकडे आली.

"तुझ्या आईने काही खाल्लंय का?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, डॉक्टर विचारतायत. बोट वाचवायचं की..."

"तिला काहीतरी खायला घाला. ती सांगणार नाही."

एरवी तिने म्हटलं असतं, विषय बदलू नका. शब्द जिभेवर आलाही होता. कोपऱ्यातलं यंत्र टिकटिक करत होतं. नर्स पाठ करून हत्यारं लावत होती. थोरली नुसती उभी राहिली. तिला ते फार जड गेलं.

"आरसा गेला ना," अप्पा म्हणाले. "चांगला होता. एकही बुडबुडा नव्हता." मग म्हणाले, "तू रागावशील."

"नाही रागावणार."

"तू रागावलीस की तुला कळत नाही, म्हणून म्हणतेस तू असं. बाकी सगळ्यांना कळतं." ते तक्रार केल्यासारखं बोलत नव्हते, हवापाण्याचं बोलावं तसं बोलत होते. कदाचित गुंगीच्या औषधाने जीभ सैल झाली असेल. कदाचित नसेल. "मला तुझी भीती वाटते, बाळा. माझ्या बापाची वाटायची. तो खोकला की माझं पाणी पाणी व्हायचं. तो गेला तेव्हा, वाईट वाटलं, पण म्हटलं चला, आता भीती संपली. मग तू मोठी झालीस."

थोरलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती आणि अप्पा. कारखान्यात सगळे म्हणायचे, अप्पांचा उजवा हात. ती स्वतःही म्हणायची. ती सरळ बोलते त्याचं त्यांना कौतुक आहे, हे तिने इतकं गृहीत धरलं होतं की कधी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना सगळं विचारणारी ती, हे मात्र विचारायचं राहून गेलं होतं.

"म्हणून डोळ्याचं बोलला नाहीत?"

"काय बोलणार? तू म्हणाली असतीस, मग घरी बसा. नाहीतर म्हणाली असतीस, दुसरा डोळा आहे ना. काहीतरी एक सांगून मोकळी झाली असतीस. मला थोडे दिवस नुसतं वाईट वाटून घ्यायचं होतं." त्यांनी डोळे मिटले. "बोट काढून टाका. शिवत बसू नका. मला परत काच उचलायची नाही."

"कधीपासून नाही उचलायची?"

"खूप झालं. डोळ्याच्याही आधीपासून. पण तू मला प्रत्येक वेळी पुढे उभं करायचीस. मला वाटलं, तुला हवंय."

तिला वाटलं होतं, त्यांना हवंय. हे सांगायला तिने तोंड उघडलं. नर्सने तिच्या कोपराला हात लावला आणि दोन मिनिटं संपली.

बाहेर धाकटा उभा राहिला होता. भावजयीने कुठूनतरी ओला टिश्यू आणून त्याचे हात पुसायला घेतले होते आणि ते पुसले जात नव्हते.

"काढा म्हणाले," थोरलीने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. बाई मान हलवून आत गेल्या.

"असं म्हणाले?" धाकट्याने विचारलं. "ह्या शब्दांत?"

"ह्या शब्दांत. त्यांना परत काच उचलायची नाही. खूप आधीपासून नव्हती उचलायची."

धाकट्याने हात बायकोच्या हातातून सोडवून घेतला. त्याचा चेहरा पाहून थोरलीला कळलं की त्यालाही मार बसलाय. बापाच्या मनातलं न बोलता ओळखणारा म्हणून घरात त्याची ख्याती होती, आणि बापाच्या बोटाबद्दल त्याने आज नेमका उलटा निर्णय दिला असता.

"आणखी काय म्हणाले?" आईने विचारलं.

थोरलीला गाळून सांगता येत नव्हतं. ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. "मला घाबरतात, म्हणाले."

ती थांबली. ह्या घरात कुणी काही कडू बोललं की दुसरं कुणीतरी लगेच त्यावर पाणी ओतायचं, विषय हलका करायचं. अगं, गुंगीत काहीही बोलतात माणसं. अगं, तसं नसेल म्हणायचं त्यांना. धाकट्याची तर ती खोडच होती. तिला आयुष्यभर त्याचा वैताग आला होता. आज ती त्याची वाट बघत उभी राहिली. धाकटा आपल्या हातांकडे बघत होता. भावजयीने टिश्यूची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली.

"मला नाही भीती वाटत तुझी," शेवटी आई म्हणाली. "मला तुझ्यासमोर दमायला होतं फक्त." तिने पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि बाकावर जागा केली. थोरली बसली. गाऊन अजून अंगावर होता, त्याची नाडी पाठीमागे सुटली होती. आईने ती बांधली नाही, काढलीही नाही. नुसती हातात धरून ठेवली.

दार पुन्हा उघडलं. आत होती ती नर्स. "सुरू व्हायला थोडा वेळ आहे अजून. पेशंट म्हणतायत, कुणी बसेल का त्यांच्यापाशी तोवर?"

सगळ्यांच्या माना सवयीने थोरलीकडे वळल्या. ती उठली नाही.

"तू जा," ती धाकट्याला म्हणाली. "उजव्या बाजूला बस."

धाकट्याने शर्टाकडे पाहिलं. थोरलीने पिशवीतून अप्पांचा धुतलेला शर्ट काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो अंगातल्या शर्टावरूनच चढवला, बटणं चुकीची लावली आणि दारापर्यंत जाऊन तो परत वळला.

"ताई, त्यांनी विचारलं, ती रागावली का, तर काय सांगू?"

थोरली उठून त्याच्यापाशी गेली आणि त्याची चुकलेली बटणं सोडून परत लावू लागली. नर्स दार धरून उभी होती. "सांग, तिलाच अजून कळत नाहीये," थोरली म्हणाली.